बाळंतिणीच्या पगाराचंही बोला: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी सदस्य,
ब्रिटनमधली सर्व मराठी मंडळं

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच मांडते. तुमच्या वर्षभराच्या कार्यक्रमांतली एक दुपार मला हवी आहे. गणपती आणि दिवाळीच्या मधली, हॉल स्वस्तात मिळतो अशी एखादी. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे किंवा नुकताच हलला आहे, अशा जोडप्यांना त्या दुपारी बोलवा. बाळंतपणाच्या रजेत घरातलं उत्पन्न घसरतं तेव्हा या देशात काय मागता येतं, ते केव्हा मागावं लागतं आणि कुणी चुकूनही मागू नये, हे त्यांना सांगू या.

मी पेरोलमध्ये काम करते. रजेवर निघालेल्या बायकांच्या पगाराचे हिशेब माझ्या हातून होतात. त्यामुळे ओळखीतून, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून प्रश्न माझ्यापर्यंत येत राहतात. प्रश्न चांगले असतात, पण येतात उशिरा. "ताई, बाळ पाच महिन्यांचं झालं, आता काही करता येईल का?" बऱ्याचदा काहीच करता येत नाही. इथल्या व्यवस्थेत मदत आपोआप घरी चालत येत नाही. अर्ज केला त्या दिवसापासून, फार तर थोडं मागे जाऊन, पैसे सुरू होतात. गेलेले महिने गेले.

पहिल्यांदा एक जुना सल्ला मोडीत काढायला हवा. आपल्यातली जी मंडळी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे आली, ती नव्या मुलींना अजून सांगतात, "रजेवर गेलीस की चाइल्ड टॅक्स क्रेडिट भर, एचएमआरसीला फोन कर." सल्ला प्रेमाचा आहे, पण ती खिडकी बंद झाली आहे. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना, एप्रिल २००३ मध्ये, टॅक्स क्रेडिटची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना करखात्याकडून (एचएमआरसी) मिळणाऱ्या मदतीची, ही योजना आली. बहुतेकांसाठी नवे अर्ज २०१९ मध्येच थांबले आणि ५ एप्रिल २०२५ रोजी ती पूर्ण बंद झाली. आता त्या जागी युनिव्हर्सल क्रेडिट आहे. ते एचएमआरसीकडे नाही, डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे काम आणि पेन्शन खात्याकडे मागायचं.

नाव बदललं एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. हिशेबाची रीतच बदलली. टॅक्स क्रेडिट वर्षाचं उत्पन्न बघायचं. मागच्या वर्षापेक्षा या वर्षी कमाई कमी झाली तर ते कळवायचं, पण शेवटच्या वर्षांतल्या नियमानुसार घसरणीतले पहिले २,५०० पौंड धरलेच जात नसत. शिवाय अंदाज चुकला की दोन वर्षांनी "जास्त दिलेले पैसे परत करा" असं पत्र यायचं, त्याच्या आठवणी अनेक घरांत ताज्या आहेत. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याचा हिशेब करतं. या महिन्यात पगार कमी आला तर याच महिन्याच्या हिशेबात मदत वाढते. रजेवरच्या बाईसाठी ही रीत खरं तर सोयीची आहे. पण सोय पदरात पडायला अर्ज वेळेवर आत असावा लागतो. युनिव्हर्सल क्रेडिट मागच्या तारखेपासून मिळतं ते काही ठरावीक कारणं असतील तरच, आणि तेही जास्तीत जास्त एका महिन्याचं. आधीपासून ते मिळत असेल तर बाळाचा जन्मही वेळच्या वेळी कळवावा लागतो. उशिरा कळवलं की मुलाचा वाटा कळवलेल्या महिन्यापासूनच धरतात.

पगार किती पडतो याचा आधी अंदाज घेऊ या, कारण हेही अनेकींना रजेच्या दुसऱ्या महिन्यात बँकेचं अ‍ॅप उघडल्यावर कळतं. कायद्यानं रजा ५२ आठवड्यांची, पण कायद्यानं मिळणारा पगार, म्हणजे एसएमपी, ३९ आठवड्यांचा. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के. पुढचे ३३ आठवडे ठरावीक रक्कम, २०२५-२६ साली आठवड्याला १८७.१८ पौंड, किंवा ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते. वर्षाला ३६,००० पौंड पगार असलेली मुलगी घ्या. तिचा आठवड्याचा पगार साधारण ६९२ पौंड. पहिले सहा आठवडे ६२३, सातव्या आठवड्यापासून १८७. महिन्याला ३,००० पौंडांवरून ८११ वर. शेवटचे तेरा आठवडे शून्य. मोठ्या कंपन्या पदरचं काही घालतात, सगळ्या नाही. आणि नेमक्या याच काळात आईचं नाही तर सासूबाईंचं विमानाचं तिकीट, व्हिजिटर व्हिसा, डिंकाच्या लाडवांचं जादा सामान, बारशाचा हॉल हे सगळं येतं.

आता पेरोलवाल्यांना ठाऊक असलेली आणि बाकी कुणी न सांगणारी एक गोष्ट. ती ९० टक्क्यांची सरासरी अख्ख्या वर्षाच्या पगारावर काढत नाहीत. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याआधीचा पंधरावा आठवडा ही खूण. त्याच्या आधीच्या साधारण आठ आठवड्यांत, म्हणजे महिन्याचा पगार असेल तर दोन पगारांत, जे हातात पडलं त्यावर काढतात. गरोदरपणाच्या हिशेबानं हा काळ साधारण अठराव्या ते पंचविसाव्या आठवड्यातला. या दोन पगारांत बोनस आला तर सरासरी वर जाते. बिनपगारी सुट्टी पडली किंवा आजारपणात नुसता सरकारी दरानं पगार निघाला तर खाली येते. आणि आपल्या आयटीतल्या मुली ज्यात हमखास सापडतात ती सॅलरी सॅक्रिफाइस. पेन्शनसाठी, इलेक्ट्रिक गाडीसाठी, सायकलसाठी पगारातून आधीच वळती होणारी रक्कम या सरासरीत धरली जात नाही. महिन्याला ४०० पौंड असे वळते होत असतील तर पहिल्या सहा आठवड्यांत जवळजवळ ५०० पौंडांचा फटका बसतो. दोन महिने ते थांबवता येतं का, हे एचआरला आधी विचारायचं असतं. स्लिप निघाल्यावर मी काहीही करू शकत नाही, माझी कितीही इच्छा असली तरी.

रजेची सूचना देण्याची मुदतही याच पंधराव्या आठवड्याशी बांधलेली आहे. मिडवाइफ विसाव्या आठवड्यानंतर मॅट-बी-वन हे प्रमाणपत्र देते, ते ऑफिसात द्यायचं. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात. फुलांच्या वाड्या भरून, झोपाळा सजवून फोटो निघेपर्यंत हे दोन निर्णायक पगार होऊन गेलेले असतात! म्हणून माझं म्हणणं आहे की ही दुपार डोहाळजेवणाच्या आधीची हवी. पाचव्या महिन्यात मुलीला मंडळात बोलवायचं निमित्त काय काढायचं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही निमित्तं काढण्यात वाकबगार आहात.

प्रसूतीआधीच्या त्या पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली नसेल, तर एसएमपी मिळत नाही. आपल्यात नोकरी बदलणं सतत चालू असतं, त्यामुळे हे वरचेवर घडतं. ऑफिसनं अशा वेळी एसएमपी-वन नावाचा नकाराचा फॉर्म द्यायचा असतो, तो मागून घ्यावा. कारण तो घेऊन मॅटर्निटी अलाउन्सचा, म्हणजे बाळंतपणाच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज करता येतो. हा भत्ता डीडब्ल्यूपीकडून मिळतो, तोही ३९ आठवडे. त्यात ९० टक्क्यांचे ते पहिले सहा आठवडे नाहीत, पण हातात काहीच न येण्यापेक्षा खूपच बरं. अर्ज तीन महिन्यांपर्यंत मागे जाऊ शकतो.

इथे मला आपल्या डबेवाल्यांबद्दल बोलायचं आहे. मुंबईच्या नव्हे, हाउन्सलो, रेडिंग आणि मिल्टन कीन्सच्या. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि बायको डिपेंडंट, ती घरून डबे देते, दिवाळीत फराळ करते, कुणी मेंदी काढते, कुणी गाणं शिकवते. मंडळाच्या कार्यक्रमाला शंभर पुरणपोळ्या तिच्याचकडून येतात. तिला वाटतं, आपण नोकरीत नाही, व्हिसावर आहोत, आपल्याला काय मिळणार? तर ऐका. मॅटर्निटी अलाउन्स स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईलाही मिळतो आणि तो पब्लिक फंड्समध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांना मनाई असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाही. म्हणजे व्हिसावर असली तरी ती मागू शकते. अट अशी की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या ६६ आठवड्यांतले किमान २६ आठवडे ती स्वयंरोजगारात नोंदलेली असली पाहिजे आणि त्यातल्या १३ आठवड्यांत आठवड्याला निदान ३० पौंड कमाई हवी. रक्कम मात्र राष्ट्रीय विम्याच्या क्लास टू (स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या) हप्त्यांवर अवलंबून असते. वार्षिक नफा ६,८४५ पौंडांहून कमी असेल (हाही २०२५-२६ चा आकडा) तर ते हप्ते आपोआप भरलेले धरत नाहीत, आणि मग आठवड्याला फक्त २७ पौंड मिळतात. तेच हप्ते तिनं स्वखुशीनं १३ आठवड्यांचे भरले, त्या वर्षीच्या दरानं आठवड्याला साडेतीन पौंड, तर तिला पूर्ण १८७.१८ मिळू शकतात. हिशेब करून बघा: साडेपंचेचाळीस पौंड भरून ३९ आठवड्यांत सहा हजारांहून जास्त फरक. पण यासाठी धंदा एचएमआरसीकडे नोंदलेला हवा. रोख घेऊन गुपचूप डबे देणाऱ्या बाईला यातलं काही मिळत नाही. मंडळानं स्टॉल देताना "नोंदणी केली आहेस ना?" एवढं विचारलं तरी पुष्कळ होईल.

व्हिसाचा मुद्दा निघालाच आहे, तर तो नीट सांगते, कारण चूक इथे सर्वांत महाग पडते. ज्यांच्या ई-व्हिसावर पब्लिक फंड्सना मनाई आहे त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट (मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ता), शुअर स्टार्ट मॅटर्निटी ग्रँट यांच्या वाटेला जायचं नाही. पुढे व्हिसा वाढवताना किंवा आयएलआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, वेळी ते अंगाशी येऊ शकतं. "पण बाळ इथे जन्मलं ना" हे वाक्य मी बरेचदा ऐकते. १ जानेवारी १९८३ पासून इथे नुसता जन्म झाला म्हणून मूल ब्रिटिश होत नाही, आईवडिलांपैकी एक ब्रिटिश किंवा इथे कायम वास्तव्याचा परवाना असलेला लागतो. आणि मूल ब्रिटिश असलं तरी आईवडिलांच्या व्हिसावरची मनाई त्यामुळे उठत नाही. एकाकडे आयएलआर आणि दुसरा व्हिसावर, अशा घरांनी तर परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय फॉर्म उघडूच नये. व्हिसावरच्या मंडळींना काय मिळतं, तेही सांगून टाकते: एसएमपी, मॅटर्निटी अलाउन्स, आणि इंग्लंडमध्ये गरोदरपणात व बाळंतपणानंतर वर्षभर फुकट औषधं आणि एनएचएसची दातांची ट्रीटमेंट, मिडवाइफकडून एक साधा अर्ज भरून. हे शेवटचं तर आयएलआरवाल्या बायकाही घ्यायचं विसरतात.

आता आयएलआर आणि नागरिकत्व असलेल्या घरांकडे वळते. त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट मागता येतं, पण टॅक्स क्रेडिटच्या काळात नसलेली एक भिंत त्यांच्या वाटेत आहे. टॅक्स क्रेडिटला तुमच्या शिलकीशी देणंघेणं नव्हतं, फक्त तिच्यावरच्या व्याजाशी होतं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जोडप्याची मिळून शिल्लक १६,००० पौंडांच्या वर गेली की दरवाजा बंद. ६,००० च्या वर गेली की मदत हळूहळू कमी. आणि शिल्लक म्हणजे फक्त इथल्या बँकेतली नव्हे. वाकडचा भाड्यानं दिलेला फ्लॅट, सांगलीच्या बँकेतली एफडी, नाशिकजवळचा बिगरशेती प्लॉट, सगळं त्यात येतं. फ्लॅटवर कर्ज असेल तर ते वजा होतं, विक्रीच्या खर्चापोटी थोडं सोडतात, पण फ्लॅट धरतात. "तिकडचं इकडे कुणाला कळणार?" असं म्हणणाऱ्या काकांना माझा हात जोडून नमस्कार. न सांगणं ही फसवणूक आहे आणि तिचे पैसे दंडासह परत करावे लागतात. आपल्यातल्या पुष्कळ घरांना या एका नियमामुळे युनिव्हर्सल क्रेडिट मिळणार नाही. ते आधीच कळलं तर खोट्या आशेवर रजेचं बजेट तरी कुणी आखणार नाही.

मग अशांच्या हाती काय? चाइल्ड बेनिफिट. त्याला शिलकीची अट नाही. २०२५-२६ साली पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड, पुढच्या प्रत्येकाला १७.२५. नवरा-बायकोपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, ते ६०,००० पौंडांच्या वर गेलं की हे पैसे करातून परत घेतले जायला लागतात आणि ८०,००० ला पूर्ण परत जातात. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच जोडप्यांनी पहिल्या मुलाच्या वेळी "नको ती भानगड" म्हणून पैसे बंद केलेले असतात. दुसऱ्या बाळंतपणात चित्र बदलतं. समजा बायकोचा पगार ६४,००० आणि नवऱ्याचा ५५,०००. ती रजेवर गेली की त्या करवर्षात तिचं उत्पन्न ६०,००० च्या खाली येतं, नवऱ्याचं होतंच खाली. त्या वर्षी दोन्ही मुलांचे मिळून, पूर्ण वर्षाचे धरले तर सुमारे २,२५० पौंड, पूर्णपणे त्यांचे. फक्त बंद केलेले पैसे पुन्हा सुरू करा, असं एचएमआरसीला कळवावं लागतं. करवर्ष एप्रिलमध्ये बदलतं, रजा दोन वर्षांत विभागली जाते, त्यामुळे दोन्ही वर्षांचा हिशेब वेगवेगळा करायचा. पैसे घ्यायचे नसले तरी अर्ज भरून ठेवायचाच. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत घरी राहणाऱ्या आईच्या नावावर राष्ट्रीय विम्याची वर्षं त्यामुळे जमा होतात. पूर्ण सरकारी पेन्शनला ३५ वर्षं लागतात. चाळिशीत इथे आलेल्या बाईला एकेक वर्षाची किंमत कळते. चाइल्ड बेनिफिटचा अर्जही तीन महिनेच मागे जातो.

युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर पहिल्या मुलासाठी ५०० पौंडांची शुअर स्टार्ट ग्रँट आहे, सहा महिन्यांच्या आत मागायची. स्कॉटलंडमध्ये तिच्या जागी बेस्ट स्टार्ट आहे आणि शिवाय स्कॉटिश चाइल्ड पेमेंट. एडिनबरा-ग्लासगोच्या मंडळांनी त्यांची दुपार वेगळी आखावी.

एक सवय आपल्या सगळ्यांचीच आहे. बाळ तीन महिन्यांचं झालं की आजी-आजोबांना दाखवायला पुण्याला, कोल्हापूरला, आणि जायचं तर दोन-तीन महिने तरी. जरूर जा. एसएमपी तुम्ही भारतात असलात तरी चालू राहतो, तो मालकाकडून येतो. युनिव्हर्सल क्रेडिट मात्र एका महिन्याहून जास्त बाहेर राहायचं असेल तर थांबतं, आणि चाइल्ड बेनिफिट आठ आठवड्यांनंतर. तिकीट काढण्याआधी हे माहीत असावं. आणखी एक भीती मी ऐकते: "नोकरीवर परत गेले नाही तर एसएमपी परत द्यावा लागेल ना?" नाही. कंपनीनं वर घातलेले पैसे करारात तसं असेल तर द्यावे लागतील, कायद्यानं मिळालेले नाहीत.

इथपर्यंत माहितीचं झालं. आता एक अन्याय, ज्यासाठी मला तुमची वेगळी मदत हवी आहे.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एसएमपी हा पगार समजला जातो. मूल असलेल्या घराला पगारातली काही रक्कम माफ असते, त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. मॅटर्निटी अलाउन्स मात्र पगार समजत नाहीत. तो पौंडाला पौंड कापतात, सगळाच्या सगळा. दोन बायका घ्या, दोघींच्या नवऱ्यांच्या पगारात ती माफीची रक्कम संपलेली, दोघींना महिन्याला ८११ पौंडच येतात. एसएमपीवालीच्या मदतीतून ४४६ जातात, अलाउन्सवालीच्या मदतीतून पूर्ण ८११. फरक महिन्याला ३६५ पौंडांचा, आणि कारण इतकंच की एकीची नोकरी २६ आठवडे जुनी होती आणि दुसरीची नव्हती, किंवा दुसरी डबे देत होती. एकट्या आईच्या बाबतीत दरी आणखी मोठी. घरभाड्याची मदत नसेल तर एसएमपीतून सुमारे ७० पौंड कापले जातात, अलाउन्समधून ८११.

जुन्या टॅक्स क्रेडिटमध्ये नेमकं उलट होतं. तिथे मॅटर्निटी अलाउन्स उत्पन्नात धरतच नसत, आणि एसएमपीतले आठवड्याचे पहिले १०० पौंड सोडून देत. म्हणजे ज्या बाईला जुनी पद्धत सांभाळून घेत होती, तिलाच नवी पद्धत सर्वांत जास्त कापते. हा फरक कोर्टात नेला गेला, पण तो बेकायदेशीर ठरला नाही. तेव्हा आता तो बदलायचा तर संसदेतूनच. मॅटर्निटी अॅक्शनसारख्या संस्था बरीच वर्षं याविषयी बोलत आहेत. आपण एका शब्दानंही बोललेलो नाही.

तुमच्या गणपतीच्या आरतीला खासदार येतात, महापौर येतात. त्यांना उपरणं घालता, मोदक देता, फोटो काढता. ते मजेनं "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचा प्रयत्न करतात आणि आपण टाळ्या वाजवतो. यंदा उपरणं घालून झाल्यावर त्यांच्या हातात एका पानाचं पत्र द्या: मॅटर्निटी अलाउन्स युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एसएमपीसारखाच धरावा. मजकूर मी लिहून देते. तीन-चार मंडळांनी मिळून दिलं तर त्याचं उत्तर यावंच लागेल.

तुमच्याकडून येणारे आक्षेप मला आत्ताच ऐकू येत आहेत. पहिला: "आपण सांस्कृतिक संस्था आहोत." मान्य. पण लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. परमुलखात आलेल्या माणसाला दोन वेळचं आपलं जेवण, खोली कुठे मिळेल याचा पत्ता, नोकरीच्या ओळखी, हे सगळं अशा मंडळांतूनच मिळत आलं. त्या काळी ते करताना कुणी घटनेतलं कलम शोधलं नाही.

दुसरा आक्षेप हळू आवाजातला असतो: "आपल्या लोकांना बेनिफिट्स मागायला शिकवायचं? लोक काय म्हणतील?" इथे मी थोडी चिडते. एसएमपी हा पगार आहे. मॅटर्निटी अलाउन्स राष्ट्रीय विम्यातून येतो, तो विमा तुमच्या स्लिपवरून दर महिन्याला कापला जातो, मी स्वतः कापते. चाइल्ड बेनिफिट या देशात सुखवस्तू घरंही घेतात आणि चहाच्या टेबलावर त्याबद्दल बोलतात. आपल्याकडे मात्र बाळंतीण रात्री बाळाला पाजताना फोनवर अर्ज शोधते, नवऱ्याला सांगत नाही, कारण नवरा म्हणेल "आपल्याला काय कमी आहे?" आणि नवरा क्रेडिट कार्डाचं बिल तिच्यापासून लपवत असतो. दोघंही दिवाळी पहाटेला नव्या कपड्यांत तुमच्याच हॉलमध्ये बसलेले असतात. तुम्ही व्यासपीठावरून एकदा हा विषय उच्चारलात तर निम्मी लाज तिथेच गळून पडेल.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी मान देते: "चुकीचं सांगितलं तर?" म्हणून मर्यादा आखून घेऊ. इमिग्रेशनचा सल्ला परवान्याशिवाय देणं १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा कुणाच्या व्हिसावर आपण मत द्यायचं नाही, परवानाधारकाकडे पाठवायचं. बेनिफिट्ससाठी मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अॅडव्हाइसच्या स्थानिक कार्यालयाला पत्र घालून त्यांचा माणूस बोलवायचा. माझ्यासारख्या पेरोलवाल्या आपल्यात कमी नाहीत, त्यांनी स्लिप आणि तारखांचं सांगायचं. मराठीत एक पान छापायचं: गरोदरपणाच्या कुठल्या आठवड्यात काय करायचं, कुठला अर्ज किती मागे जातो, व्हिसावाल्यांनी कशाला हात लावायचा नाही. दर एप्रिलला आकडे बदलतात, म्हणून पानावर वर्ष ठळक टाकायचं आणि जुनं पान ग्रुपवर फिरताना दिसलं की ते टाकणाऱ्याला नवं पाठवायचं.

कॉम्प्युटरवर ते पान मी तयार करायला घेतलं आहे. युनिकोडमध्ये आहे, ज्यांना हवं त्यांना पाठवीन. वरचे सगळे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. सभेची तारीख ठरवताना शनिवारच धरा, रविवारी बाळंतिणींकडे पाहुणे असतात, आणि हॉल तळमजल्यावरचा घ्या, बाबागाड्या जिन्यावरून चढवायला लागू नयेत. बाप मंडळींनाही बोलवा, अर्ज जोडप्याचा असतो.

उत्तराची वाट बघते.

आपली,
मंडळाची एक वर्गणीदार सभासद